रिपोर्ट नॉर्मल आला, मग गोळी कशाला?

गेल्या महिन्यात परभणीकडच्या एका बहिणीचे पत्र आले. पत्र दोन पानांचे, प्रश्न मात्र एकच. त्या लिहितात, "आमच्या मिस्टरांचे वय ५२. आठ वर्षांपासून शुगर आहे. दीड वर्षापूर्वी रक्त तपासले तेव्हा कोलेस्टेरॉल वाढलेले निघाले. एलडीएल १४२ होते. डॉक्टरांनी रात्रीची एक गोळी लावून दिली. परवा पुन्हा तपासले तर ७८ आले. घरात सगळ्यांना आनंद झाला. आता हे म्हणतात की नॉर्मल आले, गोळी बंद. सासूबाई म्हणतात, रोजच्या गोळीने किडनी जाते. दिरांनी मोबाइलवर आलेला लसूण-आल्याचा काढा करायला सांगितला आहे. भाईसाहेब, तुम्हीच सांगा, गोळी बंद करावी की नाही?"

बहिणीला आम्ही त्याच दिवशी दोन ओळींचे उत्तर टाकले की बंद करू नका, आधी डॉक्टरांना भेटा. पण दोन ओळींनी घरातली चर्चा मिटत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. शिवाय या प्रश्नाशी आमचा एक जुना हिशेब आहे. तो आधी सांगतो.

आमचे थोरले मामू आखातात बावीस वर्षे नोकरी करून कोकणात, खाडीकाठच्या आपल्या गावी परतले. साठी ओलांडल्यावर छातीत दुखले, मुंबईला नेऊन अँजिओप्लास्टी केली, एक स्टेंट बसला. त्यानंतर मामू अगदी शहाण्यासारखे वागत. विडी सुटली, सकाळी फजरनंतर पुलापर्यंत चालणे सुरू झाले, गोळ्या वेळेवर. चार वर्षांनी घरात लग्न निघाले. मांडव पडलेला, देगी चुलाणावर चढलेल्या, पाहुण्यांची ये-जा, आणि त्या गडबडीत मामूंनी खिशातून रिपोर्ट काढून आमच्या हातात दिला. एलडीएल ६२. आम्ही उभ्या उभ्या पाहिला आणि म्हणालो, "मामू, एकदम झकास! आता काही काळजी नाही."

एवढेच. पुढे काही बोललो नाही. कोणी तरी हाक मारली आणि आम्ही निघून गेलो.

चौदा महिन्यांनी पहाटे फोन आला. मामूंना पुन्हा झटका आला होता, या वेळी मोठा. तालुक्याला नेईपर्यंत दोन तास गेले. जीव वाचला, अल्हमदुलिल्लाह, पण हृदयाच्या स्नायूचा बराच भाग कायमचा निकामी झाला. दवाखान्यात रक्त तपासले तेव्हा एलडीएल १५१ निघाले. आम्ही मामींना गोळ्यांची पिशवी आणायला सांगितली. रक्त पातळ करणारी गोळी होती, ब्लडप्रेशरची होती. कोलेस्टेरॉलची नव्हती. मामूंनी डोळे मिटूनच सांगितले, "तूच म्हणालास ना, काही काळजी नाही. मग मी ती बंद केली."

मामू आता खुर्चीवर बसून नमाज पढतात. पुलापर्यंतचे चालणे अंगणापर्यंत आले आहे. आम्हाला त्यांनी एका शब्दाने दोष दिलेला नाही. पण आम्ही डॉक्टर आहोत, आणि "झकास" या शब्दापुढे "ही गोळीची कमाल आहे, ती सोडू नका" हे एक वाक्य जोडायला आम्हाला किती वेळ लागला असता?

आता त्या बहिणीच्या घरातील मंडळींसाठी मुद्द्याचे बोलू.

कोलेस्टेरॉल म्हणजे विष नव्हे. तो मेणासारखा एक पदार्थ आहे आणि शरीराला त्याची गरज आहे. प्रत्येक पेशीचे आवरण, अन्न पचवणारा पित्तरस, काही संप्रेरके, ड जीवनसत्त्व, या सगळ्यांना तो लागतो. आणि लोकांना नवल वाटते ते हे की त्यातला मोठा वाटा आपण खात नाही, तो शरीरातच, मुख्यतः आपल्या यकृतात तयार होतो. म्हणून तर काटकुळ्या, मटणाला हात न लावणाऱ्या माणसाचेही कोलेस्टेरॉल कधी कधी वाढलेले निघते. अशा वेळी घरचे म्हणतात, "लॅबवाल्याची चूक असेल."

मेण पाण्यात विरघळत नाही, तसे हे रक्तात विरघळत नाही. म्हणून ते बारीक बारीक गोळ्यांच्या रूपात रक्तातून फिरते. त्यातला एलडीएल नावाचा प्रकार कोलेस्टेरॉल शरीरभर पोचवतो, आणि एचडीएल नावाचा प्रकार उरलेसुरले गोळा करून परत यकृताकडे आणतो. रक्तातले एलडीएल उचलून घेण्यासाठी यकृताच्या पेशींवर जणू छोटी दारे असतात. ही दारे शोधून काढणाऱ्या ब्राऊन आणि गोल्डस्टीन या दोन अमेरिकन डॉक्टरांना १९८५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. दारे भरपूर असली तर रक्त साफ राहते. दारे कमी पडली की एलडीएल रक्तातच फिरत राहते, आणि वर्षानुवर्षे फिरता फिरता रक्तवाहिनीच्या भिंतीत घुसून तिथे साठू लागते.

गोळी काय करते, ते आता समजेल. डॉक्टर जी गोळी देतात ती बहुतेक वेळा स्टॅटिन गटातली असते. नाव अटोरवास्टॅटिन किंवा रोसुवास्टॅटिन असे काही तरी असेल, पाकिटावर पाहा. ही गोळी यकृतातले कोलेस्टेरॉलचे उत्पादन कमी करते. यकृताला मग कोलेस्टेरॉल कमी पडते, म्हणून ते आपली दारे वाढवते आणि रक्तातले एलडीएल आत ओढून घेते. रक्तातला आकडा उतरतो. गोळी पोटात जात आहे तोवरच हे चालते. गोळी थांबली की यकृत पूर्वीच्या सवयीवर जाते आणि काही आठवड्यांतच आकडा पुन्हा जुन्या जागी येऊन बसतो. म्हणजे परभणीच्या रिपोर्टातले ७८ हे गोळी चालू असतानाचे ७८ आहे. तापाची गोळी ताप उतरल्यावर थांबवतात, कारण ताप देणारा आजार तोवर बरा झालेला असतो. इथे आजार बरा झालेला नसतो, फक्त धरून ठेवलेला असतो. नळ गळत होता, खाली बादली ठेवली, फरशी कोरडी झाली. फरशी कोरडी आहे म्हणून बादली उचलायची का?

आणखी एक घोटाळा रिपोर्टाच्या कागदानेच होतो. लॅबच्या कागदावर उजव्या बाजूला 'नॉर्मल' म्हणून एक रकाना छापलेला असतो. तो सर्वसाधारण माणसासाठी असतो. मधुमेह झालेल्या, किंवा एकदा झटका येऊन गेलेल्या माणसाची मर्यादा त्यापेक्षा बरीच खाली असते. साधारणपणे निरोगी माणसाचे एलडीएल १०० च्या आत असलेले बरे. मधुमेह असेल तर बहुतेक डॉक्टर ७० च्या आत आणायला सांगतात. झटका येऊन गेला असेल, स्टेंट बसला असेल, तर आता ५५ किंवा त्याहूनही खाली आणण्याकडे कल आहे. छापील रकाना पाहून स्वतःला नॉर्मल ठरवणे म्हणजे दुसऱ्याच्या मापाची शेरवानी घालून ईदगाहला जाण्यासारखे आहे. तुमचा आकडा किती हवा, हे डॉक्टरांना विचारा आणि फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. आम्ही आता आमच्या प्रत्येक रुग्णाच्या फाइलवर तो लाल पेनने लिहितो. मामूंच्या प्रकरणानंतर ही सवय लागली.

"पण डॉक्टरसाहेब, मला काहीच होत नाही. दोन जिने चढतो, दम लागत नाही." हे वाक्य आम्ही आठवड्यातून चार वेळा ऐकतो. खरे आहे, काहीच होत नाही. वाढलेल्या कोलेस्टेरॉलने डोके दुखत नाही, चक्कर येत नाही, भूक मरत नाही. रक्तवाहिनीच्या भिंतीत थर वीस-वीस वर्षे गुपचूप वाढत असतो. आणि झटका येतो तो दरवेळी वाहिनी हळूहळू बुजत जाऊन येतो असेही नाही. पुष्कळदा थर मध्यमच असतो, पण त्याच्यावरचे पातळ आवरण एके दिवशी फाटते. शरीराला वाटते जखम झाली, तिथे रक्ताची गुठळी जमते आणि काही मिनिटांत वाहिनी बंद. म्हणून काल रात्री निकाहाच्या दावतीत हसत-बोलत बसलेला माणूस आज सकाळी दवाखान्यात असतो आणि लोक म्हणतात, "काल तर एकदम ठणठणीत होता." थर आवरणासकट शांत, घट्ट ठेवणे हेही स्टॅटिनचे एक काम आहे. हे काम रिपोर्टात दिसत नाही.

या औषधाची कहाणीही ऐकण्यासारखी आहे. जपानचे अकिरा एंडो हे शेतकऱ्याचे पोर, लहानपणापासून बुरशीचा नाद. टोकियोच्या एका औषध कंपनीत त्यांनी सहा हजारांहून जास्त प्रकारच्या बुरशा तपासल्या आणि १९७३ च्या सुमारास एका निळ्या-हिरव्या बुरशीत कोलेस्टेरॉलची निर्मिती रोखणारा पदार्थ सापडला. त्याच वाटेने पुढे १९८७ साली अमेरिकेत पहिली स्टॅटिन गोळी बाजारात आली. तरी डॉक्टरांच्याही मनात शंका होत्या. आकडा उतरतो ते ठीक, पण माणूस वाचतो का? उत्तर १९९४ साली मिळाले. नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क, फिनलंड आणि आइसलंड या देशांतल्या ४,४४४ हृदयरोग्यांचे दोन जवळपास सारखे गट केले. एका गटाला सिमवास्टॅटिन, दुसऱ्याला दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. साडेपाच वर्षांच्या आसपास पाहणी चालली. औषध नसलेल्या गटात २५६ माणसे दगावली, औषधाच्या गटात १८२. हा ७४ माणसांचा फरक आहे. सासूबाईंना हा आकडा जरूर सांगा.

सासूबाईंच्या भीतीचेही उत्तर द्यायला हवे, ती भीती चेष्टेची नाही. नेहमीच्या मात्रेत स्टॅटिनने किडनी जात नाही. किडनी खराब करतात ते वाढलेली साखर आणि वाढलेले ब्लडप्रेशर, आणि त्यांच्याकडे मात्र आपण काणाडोळा करतो. यकृतावर क्वचित थोडा परिणाम होतो, म्हणून डॉक्टर सुरुवातीला एक रक्ततपासणी करून घेतात. काहींची साखर किंचित वाढू शकते, हेही लपवण्यात अर्थ नाही. पण ज्याला हृदयविकाराचा धोका आहे त्याच्यासाठी फायद्याचे पारडे स्पष्ट जड आहे. सर्वांत जास्त तक्रार असते अंगदुखीची. याबाबत इंग्लंडमध्ये एक गमतीचा प्रयोग झाला, २०२० साली तो प्रसिद्ध झाला. त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडलेली ६० माणसे घेतली. त्यांना काही महिने खरी गोळी, काही महिने औषध नसलेली गोळी आणि काही महिने काहीच नाही, असे आलटून पालटून ठेवले. गोळीचा महिना खरा की खोटा, हे त्यांना सांगितले नाही. खऱ्या गोळीवर जेवढा त्रास नोंदवला गेला, त्याच्या जवळजवळ नव्वद टक्के त्रास खोट्या गोळीवरही नोंदवला गेला. त्रास खोटा नव्हता, दुखत होतेच. फक्त त्याचे कारण बरेचसे गोळी घेतल्याच्या धास्तीत होते. तरीही खरोखर स्नायूंना इजा होण्याचे प्रसंग क्वचित येतात. मांड्या-दंड खूप दुखू लागले, उठणे अवघड झाले किंवा लघवी काळसर चहासारखी झाली तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. मात्रा कमी करता येते, गोळी बदलता येते, दुसऱ्या गटातली औषधेही आहेत. आणि मूल होऊ देण्याचा विचार असलेल्या बहिणींनी ही गोळी चालू असल्याचे डॉक्टरांना आधीच सांगावे.

आता दिरांचा काढा. लसूण, आले, लिंबू आणि सिरका एकत्र उकळायचे, वर मध घालायचा, आणि "बंद नसा उघडतात, बायपासची गरज नाही" असा मजकूर. हा निरोप आमच्या मोबाइलवरही वर्षातून दोनदा येतो, एकदा तर आमच्याच शाळेतल्या जुन्या मास्तरांकडून आला. काढा प्यायल्याने बहुतेकांचे काही बिघडणार नाही, पित्ताचा त्रास असेल तर मात्र छातीत जळजळ होईल. पण रक्तवाहिनीच्या भिंतीत मुरलेला थर काढ्याने धुऊन निघत नाही. तो थर भिंतीच्या आत असतो, पाइपातल्या गाळासारखा आतून चिकटलेला नसतो. कलौंजी, मध, खजूर आपल्या घरात बरकतीच्या वस्तू आहेत, खुशाल खाव्यात. गोळी सोडून त्या घ्या, असे मात्र कोणत्याही समजदार आलिमांनी सांगितल्याचे आम्ही ऐकलेले नाही. अडचण काढ्याची नाहीच, काढा सुरू झाला की गोळी बंद होते, ही अडचण आहे.

जेवणाबद्दल आमचे मत थोडे वेगळे आहे, काही बहिणींना ते आवडणार नाही. कोलेस्टेरॉल निघाले की घरात पहिली बंदी अंड्यावर येते. एका अंड्याच्या बलकात साधारण २०० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असते हे खरे, पण खाल्लेल्या कोलेस्टेरॉलपेक्षा रक्तातला आकडा जास्त वाढवते ती घट्ट चरबी, म्हणजे मटणाची चरबी, तूप, मलई, वनस्पती तूप, खोबरेल तेल. अंडे बंद करून वर डालड्यातला पराठा खाणारे लोक आम्ही रोज पाहतो. भेजा मात्र खरोखर वेगळा आहे. १०० ग्रॅम भेज्यात हजार मिलिग्रॅमच्या वर कोलेस्टेरॉल असते, म्हणजे पाच अंड्यांहून जास्त. ज्याचा आकडा वाढलेला आहे त्याने भेजा फ्रायच्या ताटाला लांबूनच सलाम करावा.

'कोलेस्टेरॉल फ्री' असे छापलेले तेलाचे डबे पाहून हुरळू नका. कोलेस्टेरॉल प्राण्यांपासून मिळणाऱ्या पदार्थांत असते, शेंगदाणा किंवा सूर्यफुलाच्या तेलात ते नसतेच. तसे छापणे म्हणजे पाण्याच्या बाटलीवर 'मिरची नाही' असे छापणे. खोबरेल तेलातही कोलेस्टेरॉल नाही, पण त्यात घट्ट चरबीचे प्रमाण तुपापेक्षाही जास्त आहे. आमच्या कोकणातल्या घरांना हे जड जाईल. ओले खोबरे घातलेला माशाचा सालन आठवड्यातून दोनदा खायला आमची हरकत नाही, पण सगळा स्वयंपाक खोबरेल तेलात नको. बांगडा, तारली यांसारखे मासे उलट चांगलेच, फक्त तळण्याऐवजी कालवणात. बेकरीची खारी, नानकटाई, क्रीम रोल यांत पूर्वी जी ट्रान्स चरबी भरमसाट असायची तिच्यावर आता सरकारी मर्यादा आली आहे. जानेवारी २०२२ पासून तेल-तुपात ती २ टक्क्यांच्या वर चालत नाही. तरीही तेच तेल कढईत पुन्हा पुन्हा तापवले की पदार्थ बिघडतो. रमजानमध्ये कालच्या भज्यांचे तेल आजच्या समोशांना, आजचे उद्याच्या कटलेटला, असा जो सिलसिला असतो तो यंदा मोडून पाहा.

बकरी ईदबद्दल विचारणा दरवर्षी होते. कुर्बानीचे मटण खाऊ नका, असे आम्ही कोणाला सांगत नाही. चरबी कापून काढा. सालन शिजल्यावर रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा, सकाळी वर पांढरा थर जमलेला दिसेल, तो चमच्याने काढून टाका आणि मग गरम करा. चव जात नाही, आमच्या घरी पाहुण्यांना कधी कळलेले नाही. आणि चार दिवस तीन वेळा मटण, असे न करता वाटे लवकर पोचवा. पण एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. आहार अगदी काटेकोर पाळला तरी एलडीएल साधारण १० ते १५ टक्के उतरते. स्टॅटिन मात्रेप्रमाणे ते ३० ते ५० टक्के उतरवते. ज्याला गोळीची गरज आहे त्याला दोन्ही करावे लागते. चालणे आणि तंबाखू सोडणे यांचा हिशेब वेगळाच, त्याने आकडा फार हलला नाही तरी हृदय वाचते. मिश्रीही तंबाखूच आहे, बहिणींनी नोंद घ्यावी.

रोजांचे काय? अटोरवास्टॅटिन आणि रोसुवास्टॅटिन दिवसातून एकदाच आणि कोणत्याही वेळी चालते, म्हणून इफ्तारनंतर किंवा झोपताना घेतली की झाले. रोजासाठी ही गोळी सोडण्याचे काहीच कारण नाही. झटका किंवा अँजिओप्लास्टी होऊन थोडेच महिने झाले असतील, तर मात्र रोजे धरण्याआधी डॉक्टरांना विचारा, आणि ते नको म्हणाले तर आजारी माणसाला दीनने दिलेली सवलत घेण्यात संकोच करू नका. काही जण हळूच विचारतात की कॅप्सूल जिलेटिनची असते, तिचे काय करायचे? प्रश्न योग्य आहे. जिलेटिन कुठले, हे पाकिटावरून सहसा कळत नाही. स्टॅटिन साध्या गोळीच्या रूपात सहज मिळते. दोन-तीन औषधे एकत्र असलेली कॅप्सूल लिहून दिली असेल तर "या वेगवेगळ्या गोळ्या करून द्याल का?" असे विचारा. मनातल्या मनात ठरवून औषध टाकून देऊ नका. आम्हाला असे दोन रुग्ण माहीत आहेत, दोघांनी वर्षभर डॉक्टरांना सांगितलेच नाही.

शेवटी मुलांविषयी थोडे. काही घराण्यांत यकृताची ती दारे जन्मापासूनच सदोष असतात. आई किंवा वडिलांकडून हा दोष आला तर मुलाचे एलडीएल लहानपणापासून वाढलेले राहते. असा माणूस साधारण अडीचशेत एक सापडतो. दोघांकडूनही आला तर परिस्थिती फार गंभीर होते, कोपर-गुडघ्यांवर पिवळट गाठी येतात आणि शाळकरी वयातही झटका येऊ शकतो. बेरूतमध्ये डॉ. खाचादुरियन यांनी लेबनॉनच्या कुटुंबांचा अभ्यास करून १९६४ साली या आजाराची वाट उलगडून दाखवली. नात्यात लग्ने होतात तिथे दोघांकडून दोष येण्याची शक्यता वाढते, आणि आपल्याकडे चुलत-मामे नात्यात सोयरीक होतेच. त्यात घाबरण्यासारखे काही नाही, फक्त ज्या घरात पन्नाशीच्या आत कोणाला झटका आला आहे, त्या घरातल्या सगळ्या भावा-बहिणींनी आणि मुलांनी एकदा रक्त तपासून घ्यावे. मामूंच्या घटनेनंतर आमच्या अम्मींची आणि आम्हा पाचही भावंडांची तपासणी झाली. धाकट्या बहिणीचे एलडीएल १८८ निघाले. तिचे वय तेव्हा ३९ होते, आणि ती घरात सर्वांत सडपातळ.

तर परभणीच्या बहिणीला आमचे पूर्ण उत्तर असे. मिस्टरांना शुगर आहे, म्हणून त्यांची मर्यादा बहुधा ७० ची असेल. ७८ म्हणजे ते मुक्कामाच्या जवळ आले आहेत, पोचलेले नाहीत. पुढच्या भेटीत डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: माझा एलडीएल किती हवा, गोळीची मात्रा पुरेशी आहे का, आणि पुढची तपासणी कधी. तोवर रात्रीची गोळी चालू ठेवा. दिरांचा काढा त्यांनाच प्यायला सांगा. आणि हा अंक सासूबाईंना वाचून दाखवा. त्यांचे स्वतःचे रक्त कधी तपासले आहे का, हेही त्याच वेळी विचारा.